थुंकी नव्हे, पाणी

मी एक जुनी इस्त्री आहे, मित्रांनो, आणि आधीच सांगून ठेवते, माझा स्वभाव काही चांगला नाही. जुन्या वस्तू आपली कहाणी सांगायला बसल्या की कशा गोड गोड बोलतात, झालं गेलं विसरतात, सगळ्यांचं भलं चिंततात. तसलं माझ्याकडून होणार नाही. माझ्या पोटात निखारे भरतात. ज्याच्या पोटात निखारे, त्याच्या तोंडी साखर कुठून येणार? माझा एका माणसावर राग आहे. तो आजही आहे, उद्याही राहील, आणि तो कसा आला तेच मी तुम्हाला सांगणार आहे.

तो माणूस लेखक आहे. चांगला नावाजलेला आहे. तुमच्या घरातही त्याचं एखादं पुस्तक असेल. असेल तर असू द्या, कागदाचा काय दोष?

पण सुरुवात माझ्यापासून करते, कारण कहाणी माझी आहे. मला एका कारागिराने पितळ ओतून घडवलं. माझा तळ जाड केला, कडेने हवेसाठी भोकं पाडली, वर लाकडी मूठ बसवली, आणि झाकणाच्या खिट्टीवर हौसेने एक छोटासा कोंबडा बसवला. त्याने मला हातात तोलून पाहिलं आणि म्हणाला, "ही घेणारीच्या दंडात बळ पाहिजे." ज्या बाईने मला घेतलं, तिच्या दंडातही बळ होतं आणि जिभेतही. ती आमच्या मावशीची, म्हणजे माझ्या आताच्या मालकिणीची, सासू.

आमचं दुकान म्हणजे एका मोठ्या इमारतीच्या जिन्याखालची खोली. आत एक लांब टेबल, त्यावर जुनं घोंगडं आणि घोंगड्यावर पांढरी चादर. पलीकडे अर्धी भिंत घालून शिवणयंत्र घेऊन बसलेले टेलर मास्तर. जिन्यावरून कोण चढलं, कोण उतरलं, कुणाच्या चपलेचा अंगठा तुटलाय, सगळं आम्हाला आवाजावरून कळायचं. सासूने त्या टेबलावर उभं राहून उभा जन्म काढला आणि मग मला सुनेच्या हाती दिलं. देताना दागिना दिला नाही, मला दिलं. आणि माझ्याबरोबर एक नियम दिला: "तोंडाचं पाणी तोंडात, लोटीचं पाणी कपड्याला."

हा नियम नीट लक्षात ठेवा, मित्रांनो. काही दुकानांत इस्त्रीवाले तोंडात पाणी भरतात आणि फुर्रकन कपड्यावर फवारतात. आमच्याकडे ते पाप. टेबलाच्या कोपऱ्यात पाण्याची लोटी असायची, त्यावर झाकण असायचं. मावशी त्यात बोटांची टोकं बुडवायची, कपड्यावर शिंपडायची. मी किती तापले ते बघायचं असेल तर ओलं बोट माझ्या तळाला नुसतं लावल्यासारखं करायची. चर्र आवाज बारीक आणि तिखट आला की सुती कपडा घ्यायचा. मऊ आला की रेशमी. हात धुतल्याशिवाय ती टेबलाला शिवायची नाही. मास्तर तिला चिडवायचे, "वहिनी, तुमच्या दुकानात माशी आली तरी पाय पुसून येते."

त्या स्वच्छतेवर तिचं नाव उभं होतं. शेजारच्या रस्त्यावर एक दवाखाना होता. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी स्वतः येऊन आमचं दुकान बघितलं होतं, लोटीचं झाकणसुद्धा उचलून बघितलं होतं, आणि मग दवाखान्याचे सगळे पांढरे कोट मावशीकडे लावून दिले. मावशीच्या घराची घडी त्या कोटांवर बसलेली होती. बाकीचे कपडे म्हणजे वरकड. मावशीचा नवरा सायकलवर गाठोडी बांधून घरोघर पोचवायचा. तो फार कमी बोलणारा माणूस. दिवसाकाठी त्याच्या तोंडून निघालेले शब्द मुठीत मावले असते.

आता दुकानात विजेची एक पोरगी आली आहे. बटण दाबलं की तापते, बटण बंद केलं की विसरते. मला फळीवर बसवलं आहे. वीज गेली की माझी आठवण होते, एरवी माझ्या कोंबड्यावर धूळ बसते. पण मी काही विसरत नाही. म्हणून तर सांगते आहे.

तर, माझे निखारे पेटायला थोडा वेळ लागायचा. त्या वेळात मावशी वाचायची. दारात पायरीवर मला ठेवायची, एका हाताने पुठ्ठ्याने वारा घालायची आणि दुसऱ्या हातात पुस्तक. वाचनालयाची पुस्तकं मास्तर आणून द्यायचे. त्यातच एकदा त्या लेखकाचं पुस्तक आलं. त्यात हाताने काम करणाऱ्या माणसांच्या गोष्टी होत्या. एक हमाल होता, एक न्हावी होता, एक भांडी घासणारी बाई होती. मावशी ते पुस्तक वाचताना वारा घालायची विसरली आणि मी विझले. माझ्या जन्मात असं पहिल्यांदा झालं.

"या माणसाला आमचं सगळं कळतं हो, मास्तर," ती म्हणाली. "भांडी घासून बोटांची कशी गत होते, ते त्या बाईने पदराआड कसं लपवलं, सगळं लिहिलंय. जणू हा आमच्याच घरात राहून गेलाय."

"त्याला काज करता येतं का विचारा," मास्तर म्हणाले.

"तुम्ही गप बसा. मोठा माणूस आहे तो."

मग तिने त्याचं एक एक करत सगळं वाचलं. त्यातली वाक्यं तिला पाठ झाली. नवरा घरी चिडला तर ती लेखकाचं वाक्य म्हणून दाखवायची आणि तो बिचारा आणखीच गप्प व्हायचा. मलाही तो लेखक आवडायला लागला होता, खोटं का बोलू? रोज सकाळी त्याचं ऐकत ऐकत मी तापायचे.

आणि एक दिवस तोच माणूस समोरच्या इमारतीत राहायला आला! मावशीला मास्तरांनी सांगितलं, तेव्हा ती हातातला कपडा तसाच धरून बाहेर पळाली. मग त्याच्या घरचं गाठोडं आमच्याकडे येऊ लागलं. पांढरे सदरे, सैल विजारी. ते सदरे ती सगळ्यात आधी घ्यायची, मी सगळ्यात स्वच्छ असताना. कॉलरच्या आतली बाजू, बाह्यांच्या कडा, खिशाचा कोपरा, कुठे म्हणून कसर नाही. "हा सदरा घालून तो लिहायला बसत असेल," ती म्हणायची. मास्तर कपाळाला हात लावायचे.

मग तो स्वतः आला. त्या दिवशी मी चांगली फुललेली होते. मावशी लोटीत बोट बुडवणार, तेवढ्यात दारात सावली पडली आणि आवाज आला, "मावशी, येऊ का आत?" तिने वर बघितलं. पुस्तकामागे छापलेला चेहरा साक्षात दारात उभा! ती इतकी गांगरली की लोटीकडे जाणारं बोट सरळ माझ्यावर आलं. कोरडं बोट, आणि मी धगधगलेली. तुम्ही काय केलं असतं? तिने तेच केलं. बोट झटकन तोंडात घातलं.

लेखकाने डोळे अर्धवट मिटले. "वा," तो हळूच म्हणाला.

तो स्टुलावर बसला. मावशीने त्याच्यासाठी चहा मागवला. त्याने खूप प्रश्न विचारले. सासू कशी होती, लहानपण कसं गेलं, रात्री पाठ दुखते का, कधी रडू येतं का. मावशीने मनातलं सगळं सांगितलं. मी बसल्या जागी बघत होते. त्याने एवढे प्रश्न विचारले, पण "आत्ता बोट तोंडात का घातलंत?" हा एक प्रश्न काही विचारला नाही. जाताना म्हणाला, "तुमच्यावर लिहिणार आहे मी." तो गेल्यावर मावशी किती तरी वेळ कामाला हातच लावेना. बोटाला फोड आला होता, तोही ती कौतुकाने बघत होती.

पुढच्या रविवारच्या पेपरात लेख आला. नाव होतं 'थुंकीची ऊब'.

मास्तर पेपर नाचवत आले. मावशीने हात धुतले, पदराला पुसले, पेपर टेबलावर पसरला आणि मोठ्याने वाचायला लागली. जिना आला, टेबल आलं, मीही आले, अगदी कोंबड्यासकट. मावशीचा आवाज आनंदाने कापत होता. आणि मग हे वाक्य आलं: 'ती बोटावर थुंकी घेते आणि तापल्या इस्त्रीला लावते. तिच्या थुंकीतच तिच्या कष्टांची ऊब आहे, आणि तीच ऊब मी रोज सकाळी अंगावर पांघरतो.'

मावशी थांबली. तिने ते वाक्य पुन्हा वाचलं, या वेळी मनात. मग पेपर बाजूला सारला.

"अहो पण मी कधी थुंकले?" ती म्हणाली.

मास्तरांच्या लक्षात आलं. एरवी थट्टा करणारे मास्तर, त्यांनी पेपर हळूच उलटा करून ठेवला.

मित्रांनो, थुंकी म्हटल्यावर माणसं काय करतात ते सांगायला नको. आधी शाळेतल्या बाईंचं गाठोडं बंद झालं. "आता घरीच करते हो, वेळ असतो." मग वरच्या मजल्यावरचं कुटुंब जिन्यातून जाताना आमच्याकडे बघेनासं झालं. एकाने तर दिलेले कपडे परत नेले आणि घरी जाऊन पुन्हा धुतले, असं त्याच्याच मोलकरणीने सांगितलं. कुणी भांडलं नाही, कुणी विचारलंही नाही. सगळे गोड बोलत गेले. लेखकाचा लेख होता ना, आणि एवढा मोठा लेखक खोटं कशाला लिहील?

एका दुपारी मावशीचा नवरा दवाखान्यातून रिकामी सायकल घेऊन आला. सायकल भिंतीला लावली आणि म्हणाला, "कोट बंद."

त्यापाठोपाठ डॉक्टरीणबाई स्वतः आल्या. चांगली बाई. दारात उभ्या राहून म्हणाल्या, "मावशी, मला ते खरं वाटत नाही. पण पेशंटही पेपर वाचतात हो. काल एकाने माझ्या कोटाकडे बोट दाखवून विचारलं. मी काय सांगू त्याला?"

"पाणी असतं, बाई," मावशी म्हणाली. "तुम्ही लोटी बघितलीय."

"मी बघितलीय. त्यांनी नाही बघितली."

त्या दिवशी मावशी मला टेबलावर ठेवून नुसती उभी राहिली. माझ्या पोटात निखारे होते आणि घासायला कपडा नव्हता. असं तापून रिकामं बसणं काय असतं, ते तुम्हाला कळायचं नाही. मला तेव्हा पहिल्यांदा वाटलं, हा माणूस माझ्या हाती एकदा सापडला पाहिजे.

सापडला. चारच दिवसांनी तो हसत हसत आला. "काय मावशी, वाचलंत?"

"वाचलं, साहेब. छान आहे. फक्त ते थुंकीचं चुकलं. मी पाणी लावते. त्या दिवशी तुम्ही आलात, मी गडबडले, बोट भाजलं, म्हणून तोंडात गेलं. तेवढ्या दोन ओळी पुढच्या रविवारी छापा. माझं गिऱ्हाईक तुटलंय, साहेब. दवाखान्याचे कोटही गेले."

मी कान देऊन ऐकत होते. मला वाटलं, आता तो ओशाळेल, कपाळावर हात मारेल. ज्याने भांडी घासणाऱ्या बाईच्या बोटांवर एवढं लिहिलं, त्याला एक भाजलेलं बोट कळायला काय हरकत होती?

तो हसला. "मावशी, पाणी कुणीही लावतं हो. पाण्यात गोष्ट नाही. थुंकीत माणूस आहे! वाचकांची किती पत्रं आली मला, लोक रडलेत त्या वाक्यावर. आता ते बदललं तर लेखाचा प्राणच जाईल."

"आणि माझं दुकान?"

"येतील हो गिऱ्हाइकं परत. लोक विसरतात. उलट तुम्ही अमर झालात! हा लेख पुस्तकात पहिला घेतोय मी. महिनाअखेर वाचनालयाच्या सभागृहात प्रकाशन आहे. तुम्ही या. इस्त्री घेऊन या, आपण ती टेबलावर मांडू. तुमचा सत्कार करू."

तो गेला. मावशी स्टुलावर बसली आणि तिने डोळ्यांना पदर लावला. "मास्तर, मला वाटलं होतं याला आमचं दुःख कळतं," ती म्हणाली. "याला ते नुसतं छान लिहिता येतं हो." मग तिने डोळे पुसले, नाक पुसलं आणि म्हणाली, "थांब मेल्या." मी तिला कधी कुणाला मेल्या म्हणताना ऐकलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी त्याचा नवा सदरा आला, समारंभात घालायचा. मावशीने तो टेबलावर पसरला. मास्तर अर्ध्या भिंतीवरून डोकावले.

"वहिनी, अगदी पाठीच्या मधोमध. एवढंसं भोक. स्टेजवर वाकला की सगळ्यांना दिसेल."

मला तर आनंदाच्या उकळ्या फुटल्या. नुसतं क्षणभर थांबायचं होतं एका जागी. नाही तर एक निखारा, बारीकसा, भोकातून घरंगळला असता. मी तयार होते. माझं सगळं आयुष्य त्या सदऱ्यासाठीच होतं असं मला वाटलं.

"कपड्याने माझं काय घोडं मारलंय?" मावशी म्हणाली आणि माझी खिट्टी घट्ट बसवली. "शिवाय भोक पडलं तर लोक म्हणतील, बघा, थुंकतेही आणि जाळतेही."

तिने त्या सदऱ्याला अशी इस्त्री केली की मास्तरांनी तोंडात बोट घातलं. एवढ्या रागात एवढं सुबक काम मी कधी बघितलं नव्हतं. मी मात्र धुसफुसत राहिले. माझी हातातोंडाशी आलेली शिकार गेली होती.

संध्याकाळी तिने मला पुन्हा पेटवलं. गार इस्त्री न्यायची सोडून तिने निखारे भरले, जाड फडक्यात मूठ धरली आणि पेटतीच मला रस्त्याने घेऊन निघाली. नवऱ्याने मला टेकवायची लोखंडी बैठक घेतली, मास्तर रस्ता मोकळा करत पुढे. सभागृहाच्या दारात समारंभाचा सूत्रसंचालक धावत आला. "अहो बाई, गार आणायची होती! नुसती दाखवायला!"

"गार इस्त्री दाखवायला मी काय भंगारवाली आहे?" मावशी म्हणाली आणि मला नेऊन टेबलावर बसवलं, लेखकाच्या अगदी शेजारी.

सभागृह भरलं होतं. पुढच्या रांगेत डॉक्टरीणबाई होत्या. शाळेतल्या बाई होत्या. आमच्या जिन्यावरचे बरेच चेहरे होते. लेखकाच्या मागेपुढे त्याची थुंकी झेलणारे चार जण होतेच, असतातच. भाषणं झाली. मग लेखक नवं कोरं पुस्तक घेऊन उठला आणि 'थुंकीची ऊब' वाचू लागला. मी टेबलावर होते म्हणून मला सगळ्यात जवळून दिसलं. नव्या पुस्तकाची पानं एकमेकांना चिकटलेली असतात. पान संपलं की त्याचं बोट जिभेवर जायचं आणि जिभेवरून पानावर. जिभेवर, पानावर. त्याला त्याचा पत्ताही नव्हता. मी मावशीकडे बघितलं. तिनेही बघितलं होतं. ती तोंडावर पदर धरून बसली होती आणि तिचे खांदे हलत होते. लोकांना वाटलं, गहिवरली.

टाळ्या झाल्या. पुष्पगुच्छ दिला गेला. सूत्रसंचालक म्हणाला, "मावशी, आपण दोन शब्द बोला."

"दोनच बोलते," मावशी माइकसमोर उभी राहिली. "पाणी आणि थुंकी."

सभागृहात खसखस पिकली. लेखकही हसला.

"साहेबांनी लिहिलंय, मी इस्त्रीवर थुंकते. तुम्ही सगळ्यांनी वाचलंत, आणि विचारलं कुणीच नाही. आता बघा." तिने लेखकासमोरचा पाण्याचा पेला उचलला, त्यात बोट बुडवलं आणि मला लावलं. मी जीव तोडून ओरडले, चर्र! माइकमुळे तो आवाज शेवटच्या रांगेपर्यंत गेला. "हे पाणी. माझ्या सासूने शिकवलं, मी तेच करत आले. आणि थुंकी कशी लावतात, ते मला येत नाही. ते साहेब दाखवतील."

"अहो मावशी, मी कसा..." लेखक हसत हात हलवू लागला. "ती एक प्रतिमा आहे, लेखनात असं..."

"मघापासून दाखवताय की, साहेब. घ्या ना पुस्तक. पुढचं पान उलटा."

आता सगळ्यांची नजर त्याच्या बोटावर. त्याने पुस्तक उचललं. हसऱ्या चेहऱ्याने कोरडं बोट पानाच्या कोपऱ्याला लावलं. पान सरकेना. त्याने पुन्हा खरवडलं. दोन पानं एकदम आली, ती परत मागे टाकली. सभागृह इतकं शांत की माझ्या पोटातले निखारे तडतडलेले ऐकू येत होते. त्याने एकदा अंगठ्याने प्रयत्न केला. आणि मग, मित्रांनो, त्याचं बोट आपोआप वर निघालं. त्याने ते अर्ध्या वाटेत ओळखलं, थांबवलं, पण तोवर जीभ बाहेर आली होती.

सभागृह फुटलं. "थुंकी इथली आहे होय!" मास्तर मागून ओरडले. शाळेतल्या बाई हसता हसता खुर्चीवरून घसरल्या. थुंकी झेलणारे चौघे खाली बघून पायातले बूट तपासू लागले.

मावशी हसली नाही. हशा ओसरेपर्यंत थांबली आणि लेखकाकडे वळून म्हणाली, "साहेब, तुमची चूक झाली म्हणून मला राग नाही. चुका माझ्याही होतात. मी सांगितलं, हात जोडून सांगितलं, आणि तुम्ही म्हणालात पाण्यात गोष्ट नाही. माझं घर त्या पाण्यावर चालतं. तुमच्या पुस्तकातल्या बाया रडतात तेव्हा तुम्हाला बरं ऐकू येतं."

लेखकाचा चेहरा असा लालबुंद झाला होता की वीतभर अंतरावर पेटलेली मीच त्याच्यापुढे गार वाटले असते. त्याचा हात टेबलाच्या कडेवर होता. आणखी थोडासा सरकला असता तर! नाही सरकला. मला त्याची हळहळ आजही आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्याचं गाठोडं आलं. डॉक्टरीणबाईंनी निरोप पाठवला होता, "आता कुणी विचारलं तर मी हसून सांगेन." मावशीने कोट मोजले नाहीत, आधी छातीशी धरले. शाळेतल्या बाईही आल्या, मान खाली घालून. पण सगळे आले नाहीत, मित्रांनो. पेपर घरोघर जातो आणि सभागृहात मावतात तेवढीच माणसं मावतात. काही जण अजूनही आमच्या दुकानासमोरून नाक मुरडून जातात. मला त्यांचे सदरे ओळखू येतात, आणि घरी केलेली त्यांची इस्त्रीही बघवत नाही.

आता तुम्हाला वाटेल, लेखकाला चांगली अद्दल घडली. कसली घडतेय! त्याने पुढच्या रविवारी त्या संध्याकाळवर लेख लिहिला. सगळीकडे वाहवा झाली. त्यात पाण्याचा उल्लेख आहे, नाही असं नाही, कुठे तरी मधे एका ओळीत. बाकी सगळा तोच. त्याचा मोठेपणा कसा गळून पडला, त्याने भर सभेत मावशीची माफी कशी मागितली, आणि तिने भरल्या डोळ्यांनी त्याच्या डोक्यावर हात कसा ठेवला. ती रडली म्हणे. त्याने माफी मागितली म्हणे! मी तिथेच होते, टेबलावर, पेटलेली.

मावशीने तो लेख पायरीवर बसून वाचला. एकदा वाचला, मग पहिल्यापासून पुन्हा वाचला. मास्तरांनी विचारलं, "काय म्हणतोय?"  तिने पेपराची घडी घालून आत ठेवली.

दोन दिवसांनी तो आला. मानभावी चेहरा, हातात एक सदरा. सदरा हे निमित्त होतं हे मलाही कळत होतं, कारण तो सदरा मळलेलाच नव्हता. थोडा वेळ इकडचं तिकडचं बोलला. मग राहवेना. "मावशी, रविवारचा लेख वाचलात ना? तुमच्यासाठीच लिहिला तो. मनापासून."

मावशी एका कोटाच्या बाहीवरून मला फिरवत होती. तिने मान वर केली नाही. "नाही वाचला, साहेब."

"म्हणजे... पेपर आला नाही का? मी पाठवतो."

"पेपर येतो. तुमचं वाचत नाही मी आता."

"पण तुम्ही तर माझं सगळं वाचलंय. पाठ आहे तुम्हाला, मास्तर म्हणाले होते."

"वाचायचे," मावशी म्हणाली.

तो उभाच राहिला. सगळं सभागृह त्याला हसलं, ते त्याने पचवलं, लिहून टाकलं आणि वर टाळ्या मिळवल्या. हे मात्र त्याला गिळवेना.  मावशीने त्याचा सदरा घेतला, नीट इस्त्री केली, कॉलर, बाह्या, खिसा, सगळं पहिल्यासारखं, आणि दोन्ही हातांनी त्याच्या हातात दिला. "या," ती म्हणाली. तो जिन्याकडून रस्त्यावर गेला तेव्हा मास्तरांचं यंत्रसुद्धा थांबलेलं होतं.

खोटं बोलू नये असं तुम्हाला शिकवलेलं असेल, मित्रांनो. बरोबरच आहे. मावशीनेही आयुष्यभर ते पाळलं. पण ते एक खोटं ती माझ्यासमोर बोलली, डोळ्याची पापणी न लववता, आणि मी तिच्या बाजूने आहे. माझी विनंती एवढीच आहे. जुन्या वस्तू जपा, असं तुम्हाला सगळे सांगतील. मला नाही जपलंत तरी चालेल, मी पितळ आहे, चिंच लावून घासलं की पुन्हा चकाकते. कुणाचं नाव तेवढं जपा. कुणाच्या कामाबद्दल लिहावंसं वाटलं तर जरूर लिहा, पण छापायच्या आधी त्याला वाचून दाखवा, आणि तो 'इथे चुकलं' म्हणाला तर गप्प बसून ऐका. ते तुम्हाला जमणार नसेल तर हमालांवर, न्हाव्यांवर, इस्त्रीवालीवर लिहू नका. स्वतःवर लिहा.

लेखक अजूनही समोरच राहतो. अजूनही स्वतः कपडे घेऊन येतो, स्टुलावर बसतो, आणि निघता निघता विचारतो, "मग, सध्या काही वाचताय की नाही?"

"वाचते की," मावशी म्हणते, आणि दुसऱ्याच लेखकाचं नाव सांगते.